दंडाचा डबा

बालेवाडीच्या मैदानामागं, दुसऱ्या मजल्यावर
आमची खोली. बारा खुर्च्या, बर्फाचा एक टब,
खिडकीत हायवेवरचे ट्रक.
मी इथला कपड्यांचा माणूस.
कुणाचा घाम कुणाचा, मला नाकानं कळतं.

इथले नियम कुणी लिहिलेले नाहीत.
दाराजवळची खुर्ची कर्णधाराची,
तो तापानं हॉस्टेलवर झोपला असला तरी रिकामी.
नवा पोरगा पाण्याचा क्रेट उचलतो
आणि सुमेर दहियाची गुडघ्याची पट्टी गुंडाळून ठेवतो.
बाद झालेल्याच्या तोंडावर मांडी थोपटायची नाही.
हरलो तर बसमध्ये गाणी नाहीत,
निदान चांदणी चौक येईपर्यंत.
आणि खोलीतलं खोलीत.

दंडाला बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे.
उशिरा आलास, पन्नास.
जेवताना फोन, शंभर.
कर्णधाराच्या खुर्चीत बसलास, दोनशे,
वर सगळ्यांच्या शिव्या फुकट.
नाव, गुन्हा, रक्कम, वहीत मी मांडतो.
माझं अक्षर बरं आहे म्हणून.
दुसरं कुणी तयार नाही म्हणूनही.

गुरुवारी आम्ही एका गुणानं जिंकलो.
शेवटची चढाई. त्यांचा पोरगा मध्यरेषेवर पालथा पडून
आमच्या डाव्या कोपऱ्याकडं बोट दाखवत राहिला,
लागला, लागला, लागला.
पंचांनी मान हलवली. त्यांचा रिव्ह्यू आधीच संपलेला.
डावा कोपरा म्हणजे आमचा रोहिदास कुदळे,
पौडच्या पलीकडचा, एकोणीस वर्षांचा,
कमरेवर दोन्ही हात ठेवून उभा.
मग सगळे आनंदानं त्याच्यावर कोसळले
आणि तो दिसेनासा झाला.

रात्री मोजे गोळा केले.
त्याच्या डाव्या मोज्याला आतून
रक्ताची रेघ, पायाच्या नखानं ओढावी तशी.
थंड पाण्यात भिजत टाकला.
रक्ताला गरम पाणी चालत नाही,
डाग कायमचा बसतो.

सकाळी डब्यात पाचशेची नोट. चार घड्या.

मी काय बोलणार?
चौऱ्याऐंशी साली नाना पेठेतल्या मातीवर
बँकेची माणसं पोरं निवडायला आली होती.
पंचांना दिसलं नव्हतं. मी आपणहून हात वर केला
आणि रेषेबाहेर जाऊन बसलो.
टाळ्या पडल्या. पुष्कळ.
बँकेनं दुसऱ्याला घेतलं.
आई दोन दिवस बोलली नाही,
तिसऱ्या दिवशी म्हणाली, टाळ्या शिजवू का रे आता?

अभिमान वाटतो का? काही दिवशी वाटतो.
महिन्याच्या वीस तारखेनंतर सहसा नाही.
पण कधी मोरीत वाकलेलो असताना
तो हात अजून वरच आहे असं वाटतं.
खाली कधी घ्यायचा, ते मला कुणी सांगितलंच नव्हतं.

महिनाअखेरीला वाघचौरेनं डबा उलटा केला.
नोटा मोजल्या, चिल्लर मोजली, वही पाहिली.
"पाचशे जास्त आहेत, भिकोबा. कुणाचे?"
खोली गप्प.
रोहिदास क्रेट उचलायला गेला,
जो त्यानं मघाशीच बसमध्ये ठेवला होता.
मी वही ओढली. नावाची जागा कोरी सोडली.
गुन्ह्याच्या रकान्यात लिहिलं, उशीर.

वाघचौरेनं वाचलं. दोनदा.
"उशिराला पन्नास असतात."
"कधी कधी जास्त होतो," मी म्हणालो.
त्यानं टोपण लावून पेन माझ्या खिशात खोचलं
आणि कुणाकडंही न बघता विचारलं,
त्यांच्याशी परतीची मॅच कधी आहे?
सुमेर म्हणाला, बुधवारी.
रोहिदास म्हणाला, मंगळवारी.
मंगळवारीच होती.

मोजे मागच्या गॅलरीत वाळत होते.
उन्हात धरून पाहिला डावा.
गेलाय डाग.
आत हात घालून उलटा केला तर
अजून थोडा आहे.