दोन स्टेशनं पुढे

प्रतापनगरच्या खिडकीत एकतीस वर्षं
मी डभोई विकली, चांदोद विकलं.
पुठ्ठ्याचं तिकीट, तारखेच्या यंत्रात खट्,
आणि तोंडात शब्द एकच: सुट्टे.
स्वतः कधी गेलो नाही.
हलवाई कुठे जिलबी खातो.

आता अश्लेषा दिजोंला असते.
मोहरीचं गाव आहे, बाबा, म्हणाली,
पण इथली मोहरी तडतडत नाही,
बरणीत वाटून गप्प बसलेली असते.
मीही तशीच, असं ती म्हणाली नाही.
ते मला ऐकू आलं दांडिया बाजारात,
सेव-उसळीच्या रांगेत, फोन कानाला,
मागचा माणूस ‘काका, आगळ चालो ने’ म्हणत असताना.

घर मिळायला बँकेत खातं लागतं,
खातं उघडायला विजेचं बिल,
आणि बिल यायला घर.
हे कळायला मला फ्रेंच लागलं नाही.
दुकानात शिरताना आधी बोंजूर म्हणायचं,
नाहीतर दुकानदार बहिरा होतो.
मी मनातल्या मनात हिशेब मांडला:
एकतीस वर्षांत खिडकीतून किती जणांनी नमस्कार केला असेल,
आणि त्यातल्या किती वेळा मी मान वर केली.

रविवारी तिथे सगळं बंद.
रस्ते घासून पालथे घातल्यासारखे.
खोलीत ती भिंतीशी मराठी बोलते
हे कळलं तेव्हा म्हटलं, ऊठ.
तिकीट काढ. दोन स्टेशनं पुढे जा, उतर,
चहा पी, परत ये.
धड चहा मिळत नाही, बाबा.
मग मिळेल ते पी.
आणि तुम्ही?
मी अडकलो. एवढी तिकिटं विकलेला माणूस.
बरं, म्हटलं. मीही.

पहिल्याच खेपेला तिला दंड झाला,
बोन नावाच्या गावच्या गाडीत.
तिकीट होतं,
पिवळ्या यंत्रात घालून शिक्का मारायचा राहिला.
बुकिंग क्लार्कची मुलगी, आणि बिनशिक्क्याची!
ती रडत होती आणि मी, काय सांगू, हसलो,
मग तिकडूनही हसल्याचा आवाज आला,
नाक ओढत, पण आला.

पुढच्या रविवारी फोटो:
चर्चच्या भिंतीवर दगडाचं घुबड,
नाकडोळे झिजून गेलेलं.
लोक त्याला हात लावून इच्छा मागतात.
घुबडाला.
तेही डाव्या हाताने.
तिची आई असती तर
फोनवरूनच मीठ-मोहरी ओवाळली असती.
काय मागितलंस, विचारलं.
विजेचं बिल.

त्याच दिवशी मी डभोईला उतरलो.
पानवाल्याला विचारलं, हिरा भागोळ कुठे?
नवा छो? म्हणाला.
पणजोबांपासून बडोद्याचे आम्ही,
डभोईचं भाडं झोपेत सांगेन, रिटर्नसकट.
हो, म्हटलं. नवाच.
त्याने चुना लावता लावता रस्ता सांगितला,
शाळा चुकवलेल्या पोराला सांगावा तसा,
दोनदा.

दरवाज्यावर दगडी हत्ती, दगडी माणसं,
कुणाला हात नाही, कुणाला चेहरा,
तरी जो तो आपल्या जागी.
मी उजवा हात लावला.
मग आजूबाजूला बघून
डावा.

काल रात्री बाराला तिचा फोन.
छातीत धस्स झालं.
स्टेशनवर एका म्हाताऱ्याने तिला विचारलं होतं,
बोनची गाडी कुठल्या फलाटावर.
तिला. इतक्या माणसांत.
आणि तिने सांगितलं.
लिंग चुकलं, बाबा, वाक्याचं,
पण फलाट बरोबर होता.
तो बसला, खिडकीतून हात केला त्याने.

येत्या रविवारी मी चांदोद, म्हटलं.
नदीवर जा पण पायऱ्या जपून उतरा, म्हणाली.
फोन ठेवल्यावर लक्षात आलं,
बिल आलं का
विचारायचं राहूनच गेलं.