शेवटचं पान मूळ नाही

घोडपदेवच्या उतारावर लालजी छेडांची रद्दी.
गोदीतून जहाजावरचे कागद यायचे त्यांच्याकडे,
खाऱ्या हवेने फुगलेले, डिझेलचा वास धरलेले,
त्यांत कधीतरी एखादं चित्रांचं पुस्तक.
भाव किलोचाच,
रंगीत म्हणून दहा पैसे वर.

हर्मन डिमेलो आणि मी, पैसे अर्धे अर्धे.
तो कॉन्व्हेंटात, मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत,
म्हणून चित्रं माझी आणि बोलण्याचे फुगे त्याचे.
बोट ठेवून वाचायचा, मराठी करून सांगायचा.

त्यातला एक अंक जोडीचा.
एरवी दोघं दोन पुस्तकांत राहायचे,
तिच्याकडे बारमाही रात्र, धुरांडी, ओल्या गच्च्या,
त्याच्याकडे भरदुपार आणि समुद्र.
नावं आम्हीच ठेवली: काळी घार, उल्काधर.
आणि इथे एकाच मुखपृष्ठावर दोघं,
अवघडून, एका पंगतीला बसवलेल्या
व्याह्यांसारखे.

आधी भांडायचेच ते. प्रत्येक जोडीच्या अंकात.
सात पानं नुसता गैरसमज,
पूल वाकतात, पाण्याच्या टाक्या फुटतात,
आणि आठव्या पानावर कुणीतरी म्हणतं,
थांब, आपला वैरी एकच आहे.
"मग आधीच विचारायचं ना?" मी.
"विचारलं तर पुस्तक चार पानांत संपेल," हर्मन.

हर्मन वाचायचा तेव्हा
काळी घारच जास्त बोलायची.
बेत तिचा, युक्ती तिची,
उल्काधर नुसता उडायचा, सांगेल तिकडे.
तिचे फुगे एवढेसे का,
हे मला तेव्हा सुचलं नाही.

शेवटचं पान नव्हतंच.
कुणा खलाशाने त्यात काय गुंडाळलं असेल ते असो.
हर्मनने नवं काढलं, भूगोलाच्या वहीतल्या कागदावर,
आणि गव्हाच्या खळीने चिकटवलं:
गोदीच्या भिंतीवर दोघं पाय सोडून बसलेत,
मध्ये शेंगांची पुडी.
उल्काधरच्या तोंडाशी एक फुगा, रिकामा.
"नंतर लिहू," म्हणाला.

नववीत मला इंग्रजी लागायला लागलं.
एका दुपारी अंक एकटीने वाचला.
काळी घार म्हणत होती: सांभाळ.
म्हणत होती: आता काय करायचं?
म्हणत होती: हो.
एवढंच. चोवीस पानांत एवढंच.

जिन्यात गाठून मी त्याला खोटारडा म्हटलं,
चाळभर ऐकू जाईल असं.
तो काही बोलला नाही.
महिन्याभराने कळलं,
अंक त्याने लालजींना परत घातला. वजनावर.

आमचं ते सातवं पान.
डिमेलो नायगावला गेले, मग हर्मन दोह्याला,
मग कुणी काही सांगेना.

आता दुकानात लालजींचा नातू, भव्य.
खाली मोबाईलची कव्हरं, वर पोटमाळ्यावर एसी,
आणि एकेक अंक प्लास्टिकमध्ये,
हात लावायला सुद्धा हातमोजे.
"मावशी, ही दोघांची पहिली भेट. चार हजार.
पंधरा आले असते, पण शेवटचं पान मूळ नाही,
कुण्या पोराने काढलंय.
सांगाल तर उचकटतो,
रंगीत झेरॉक्स लावून देतो, कळणार नाही."

मी म्हटलं, बघू.
भिंत होती. पाय होते. पुडी.
फुगा रिकामा नव्हता.
बॉलपेनने, कॉन्व्हेंटच्या मराठीत,
ऱ्हस्वाचं दीर्घ करून:
"बेत तूझाच होता."

भव्य वाट बघत होता.
वजनकाटा अजून कोपऱ्यात आहे त्यांच्या,
त्यावर कुंडी ठेवलीय.

चार हजार मोजून दिले.
"उचकटू ना?"
नको.

तो पिशवी शोधायला वाकला तेवढ्यात
मी उल्काधरच्या डाव्या हाताची बोटं मोजली.
सहा.
हात कधी जमलेच नाहीत हर्मनला.