होम कुठल्या रकान्यात

ग्रिम्सबीत मंगळवारी संध्याकाळी सात वाजता
मेथडिस्ट चर्चच्या मागच्या खोलीत
ईनिड कॉथॉर्न फळ्यावर आठ रकाने आखते.
मार्कर सुकत आलेला. आठवा रकाना
नुसता अंदाजाने दिसतो.
हीटरला जळक्या धुळीचा वास
आणि सगळ्यांच्या बाह्यांना हॅडकचा,
कुठल्याच साबणाला दाद न देणारा.

आपण यांना शब्दांच्या जाती म्हणतो.
इंग्रजी म्हणते पार्ट्स. सुटे भाग.
रिमांतासला हे लगेच पटतं.
तो कारखान्यातले सरकते पट्टे दुरुस्त करतो,
कुठला नट कुठे बसतो हे त्याच्या बोटांना ठाऊक.
"ॲन्ड म्हणजे बेअरिंग?" तो विचारतो.
ईनिड जरा थांबते.
"बिजागरी," म्हणते, "आणि बट म्हणजे
तीच बिजागरी, गंजलेली."

लेतेब्रहान वहीत नामं लिहिते:
सुरी, बर्फ, खोकं, मीठ, मासा.
दिवसभर हातांतून गेलेली,
अजून गार असलेली.
प्रत्येकाखाली रेघ,
पाळी सुटताना माल मोजून द्यावा तशी.

मग ईनिड वाईट बातमी सांगते.
फिश नाम आहे, पण क्रियापदही आहे.
आइस, बॉक्स, सॉल्ट, तेही तसेच.
नाइफसुद्धा.
पाचही दोन्ही घरचे पाहुणे.
"मग ओळखायचं कसं?"
"शेजार बघायचा. शब्द कुठे उभा आहे,
कोणतं काम करतोय ते बघायचं.
कपाळावर कुणाच्याच काही लिहिलेलं नसतं."
मला वाटलं, ही बाई
किती सहज बोलून गेली.

शेवटच्या खुर्चीवर नव्वाफ, देर-एझ-झोरचा.
"आय सर्व्हेअर," तो म्हणतो.
त्याच्या भाषेत एवढं पुरतं,
माणूस आणि त्याचं काम यांच्यामध्ये
'आहे' घालावं लागत नाही.
ईनिड दोघांमध्ये ॲम लिहिते.
तो ॲमकडे बघत राहतो.
"ॲम? की वॉज?"
मार्कर हवेतच राहतो.
"ते व्याकरणात नाही," ती म्हणते
आणि पान उलटते.

शब्दयोगी अव्ययांना नियम नाहीत,
सवयी आहेत.
शिप असेल तर ऑन. बोट लहान असेल तर इन.
"इन," नव्वाफ म्हणतो. "आय वॉज इन. नऊ तास."
या वेळी काळ बरोबर, अव्यय बरोबर,
शाबासकी कुणी देत नाही.
खाली पाणी तापवायच्या किटलीचा
खटका पडतो.

केवलप्रयोगी अव्ययांच्या रकान्यासाठी
लेतेब्रहानकडे उदाहरण आहे,
परवा सुरी निसटली तेव्हाचं.
पण ते तिग्रिन्यात आहे.
"चालेल," ईनिड म्हणते.
"तो रकाना सगळ्यांसाठी मोकळा."
कुणीतरी हसतं, बिस्किटांचा पुडा फिरतो,
रिमांतास दोन घेतो, एक खिशात टाकतो.

नऊला दहा कमी. शेवटचं वाक्य, ज्याचं त्याने.
नव्वाफ लिहितो: आय गो टू होम.
ईनिड टू खोडते.
"टू द फॅक्टरी चालतं. टू द चर्च चालतं.
मग टू होम का नाही?"
तिला उत्तर येतं, पण द्यायचं नाहीय,
असं तिच्या चष्मा पुसण्यावरून कळतं.
"कारण इथे होम नाम नाही. क्रियाविशेषण आहे."
"म्हणजे ती जागा नाही?"
"या वाक्यात नाही. इथे ते फक्त
पावलं कुणीकडे वळली, एवढंच सांगतं."

रिमांतास खुर्च्या रचतो.
लेतेब्रहानला बस गाठायची आहे.
नव्वाफ अजून वहीवर वाकलेला.
होम त्याने पहिल्या रकान्यातून काढलं
आणि दूरच्या रकान्यात नेऊन ठेवलं,
सावकाश,
हद्दीचा दगड हलवताना
दोन्ही शेतांचे मालक
बांधावर उभे असल्यासारखं.