नाणं टाका

कपाट पलीकडच्या गल्लीत मिळालं.
फुटपाथवर काढून ठेवलेलं, वर कागद:
‘घेऊन जा. फक्त दारं नीट लागत नाहीत.’
मला दारं नकोच होती.
मोरकॅमचा पाऊस यायच्या आत
मी आणि मिस्टर एन्टविसल यांनी ते ढकलत आणलं,
त्यांचा एक गुडघा नवा, ट्रॉलीचं एक चाक जुनं.

एन्टविसल समुद्रकाठच्या आर्केडमधले मेकॅनिक होते.
आर्केडला आता पत्रे ठोकलेत, वर सीगल बसतात.
तीस वर्षं त्यांनी दांड्यांवरचा परक्यांचा घाम पुसला,
फटीत अडकलेली दोन पेन्सची नाणी चिमट्यानं काढली.
चिमटा अजून खिशात असतो.

वैजयंती म्हणाली, साठ पौंड. म्हणजे साठ.
स्क्रीन तिच्याच हॉस्पिटलनं टाकून दिलेला, चौकोनी,
कोपऱ्यात एक ठिपका मेलेला.
समोरची काच म्हणजे फार्मसीच्या काउंटरवरचं ते प्लास्टिक,
ज्याच्याआडून आम्ही दोन वर्षं
ओरडून ओरडून औषधांची नावं सांगितली.
तिरक्या उजेडात त्यावर अजून स्टिकरचा डिंक दिसतो:
अंतर ठेवा.
कडेची पट्टी महाग होती. काळी चिकटपट्टी लावली.

बटणं बावीस.
प्रत्येकाला आपापली रंगीत वायर
आणि एक काळी, सगळ्यांतून ओवत गेलेली.
हिला काय म्हणता, मी विचारलं.
म्हणाले, अर्थ.
मला हसू आलं, का ते त्यांना सांगता येईना.
बावीस बटणं, अर्थ एकच,
आणि तो मध्येच सुटला की
पुढची सगळी मुकी.
हे मात्र त्यांना सांगायची गरज नव्हती.
गेल्या वर्षी त्यांची मॉरीन गेली.

कराडला स्टँडमागे एक गाळा होता,
दाराला गोणपाट, आत तीन मशिनं, रुपयाला एक डाव.
माझ्याकडे रुपया नसायचा असं नाही,
तो परतीच्या गाडीचा असायचा.
कुणी नाणं टाकलं नाही
की खेळ थोडा वेळ स्वतःच खेळतो.
स्क्रीनवरचा माणूस पळतो, उडी मारतो, मरतो, पुन्हा येतो.
मी दांडा धरून त्याच्याबरोबर हलवायचो.
तो डावीकडे, मी डावीकडे.
गाळेवाला बाबू तांबट सगळं बघायचा.
एकदाच म्हणाला,
‘लेका, आज बरा खेळलास.’

मार्चमधल्या एका रविवारी मशिन झालं
आणि शेडच्या दारातून बाहेर येईना.
अर्ध्या इंचानं.
आत जाताना ते कपाट होतं.
बटणांची फळी आम्हीच रुंद केली,
दोघांना शेजारी उभं राहता यावं म्हणून.
वैजयंती नाइट करून आलेली, अंगातला कोट तसाच.
दाराकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं.
‘साठमध्ये मोजायची टेप नव्हती का धरलेली?’
एन्टविसल बराच वेळ गप्प.
मग त्यांनी चहा मागितला.

तर ते शेडमध्येच आहे,
गवत कापायच्या यंत्राशेजारी.
कृत्तिका आणि तिची मैत्रीण टोप्या घालून खेळतात,
तोंडातून वाफ, हरल्या की मशिनला दोष.
नाण्याची फट मी ठेवणारच नव्हतो.
एन्टविसल एका संध्याकाळी पितळेची जुनी फट घेऊन आले,
आणि मुरंब्याच्या बरणीत दोन पेन्सची नाणी.
फुकट खेळलं की हात निष्काळजी होतात, म्हणाले.
कुठून आणली ते मी विचारलं नाही.

काल रात्री कुलूप लावायला गेलो.
मशिन चालूच राहिलेलं.
गवताचा वास, आणि भिंतीवर हलणारा निळा उजेड.
बरणी हाताशी होती, झाकणही सैल.
मी फक्त दांडा धरला.

तो डावीकडे गेला.
मला जरा उशीर झाला.