सदुसष्ट किलोमीटर

तितराच्या टेकडीवरचा मनोरा, मिठागरांपाशी उभा असलेला,
आणि पवनचक्क्यांच्या गर्दीत सापडता न सापडणारा तिसरा,
तिघे बोलतात एकाच वारंवारितेवर.
तेच शब्द, त्याच क्षणी,
घड्याळं उपग्रहांकडून लावून घेतलेली.

मी लिओपोल्दिना, त्या तिघांची दुरुस्तीवाली.
गाडीत शिडी, खिशात तारांचे तुकडे.
लोक विचारतात, एकाच बोळातून तिघे?
धडकत नाहीत का?
बोळ एकच उरलाय, मी म्हणते,
बाकीचे मोबाईलवाल्यांनी नेले.
आणि धडकतात की.
म्हणून प्रत्येक शब्दागणिक आम्ही जरा थांबतो.
दोनशे चोवीस मायक्रोसेकंद.
तेवढ्यात प्रकाश सदुसष्ट किलोमीटर चालतो.
तेवढ्यात पोचला तो आपला,
डोंगरावर आपटून आलेला प्रतिध्वनीसुद्धा
पंगतीत बसतो, हातभार लावतो.
त्यानंतर आला
तर तेच शब्द घेऊन आला तरी
गोंगाट.

गाउदेन्सियुचं घर समुद्राकडे तोंड करून.
ऑगस्टात संध्याकाळी पाणी निपचित पडतं,
वर उकाडा झाकणासारखा बसतो,
आणि खाडीपल्याडचा मनोरा, शहाण्णव किलोमीटरवरचा,
एरवी ज्याचं नावही इथे कुणी घेत नाही,
पाण्यावरून घसरत थेट त्याच्या पडद्यात शिरतो.
तीच बातमी, तोच निवेदक, तोच टाय,
फक्त उशिरा.
निवेदकाचे चौकोन होतात,
हनुवटी कपाळावर जाते, मग काळं.

"पूर्वी सावली पडायची," तो म्हणाला,
"एका माणसाचे दोन दिसायचे. पण दिसायचा.
आता सगळं, नाहीतर काहीच नाही."
दर वर्षी त्याने अँटेनाचा खांब हातभर वाढवलेला,
वेल्डिंगच्या गाठी मोजल्या, अकरा.

खाली घेऊया, मी म्हटलं.
त्याने माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी त्याची टोपी मागितली.
"खाली?"
खाली. घरामागे, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी,
भिंतीची पाठ समुद्राकडे,
तोंड तितराच्या टेकडीकडे.
दूरचं ऐकू येऊ नये म्हणून.

तासभर तो बोलला नाही. शिडी मात्र धरली.
एक कोंबडी माझ्या पक्कडीवर बसून राहिली.

रात्री सामना होता. चित्र दगडासारखं स्थिर.
त्याने वाटीभर ऑलिव्ह पुढे केले, बिया थुंकायला दुसरी वाटी.
इतक्यात पलीकडून, देल्मिराच्या केशकर्तनालयातल्या रेडिओवरून
आरोळी उठली. गोल.
आमच्या पडद्यावर चेंडू अजून मैदानाच्या मध्यात.
मी ओशाळले. मनोऱ्यांना मायक्रोसेकंदाला धरून ठेवते मी,
आणि इथे अख्खे तीन सेकंद.

गाउदेन्सियु खुर्चीत पुढे सरकला.
"थांब," तो म्हणाला, डोळे चेंडूवर,
"आत्ता बघ, हा डावीकडे देणार."