एक सोडून एक

लष्करातल्या आमच्या सभागृहात दोनशे बारा खुर्च्या आहेत
हे मला कळलं
निम्म्यांवर फुल्या मारायची वेळ आली तेव्हा.
दौलतगंजातून आणलेली पिवळी चिकटपट्टी,
आईच्या शिवणाच्या डब्यातली मोजपट्टी,
पहिले तीन इंच झिजलेली.
एक खुर्ची सोडली तर अंतर भरतं साडेतीन फूट,
दोन सोडल्या तर सभा तोट्यात.
कार्यवाह मुळ्ये म्हणाले,
‘लिहा सहा. जानेवारी आहे,
माणसं तशीही अंग चोरूनच बसतात.’

नवरा-बायकोंचं काय, यावर समिती दीड तास बसली.
एका घरातून येतात, एका स्कूटरवरून येतात,
मग दारातच का तोडायचं?
पण कलेक्टर कचेरीच्या कागदात
लग्न झालेल्यांसाठी वेगळा परिच्छेद नव्हता.
इंदुमती तांबवेकर ह्या टोकाला, तांबवेकर त्या.
नंतर जिन्यात मला हळूच म्हणाल्या,
‘एकतीस वर्षांत पहिल्यांदा बडा ख्याल ऐकला गं.
नाहीतर हे कानाशी सारखे राग ओळखतात,
आणि तोही चुकीचा.’

आजीव सभासदांची तिसरी रांग मात्र रुसली.
स्वतःच्या खुर्चीवर फुली पाहून
मतदारयादीतून नाव कापल्यासारखे
उभेच राहिले एक जण,
पहिला तराणा संपेपर्यंत.

गायिका देवासहून आली होती.
तानपुरे जुळले, तिनं समोर पाहिलं, एक आ लावला
आणि थांबली.
‘भैया, आवाज़ लौट रही है.’
रामसेवकनं मशीनचं एकूण एक बटण फिरवलं.
दोष मशीनचा नव्हता.
दरवर्षी दोनशे शाली, मफलर, कानटोप्या मिळून
जेवढा आवाज पितात
तेवढा प्यायला यंदा कुणी नव्हतं;
रिकाम्या पाठींवर आपटून तो
तिच्याच पायाशी येऊन बसत होता.

दादही अडली.
मास्कमधून ‘वा’ बाहेर पडत नाही.
मिटल्या ओठांचा नुसता ‘म्’ येतो,
हंबरायच्या आधी गाय करते तसा.

निगुडकरांचे कान जाऊन आठ वर्षं झाली.
तरी येतात.
शेजारी खानवलकर दोन बोटांनी
त्यांच्या मनगटावर ठेका ठेवतात,
तान वर गेली की बोट कोपराकडे सरकतं,
उतरली की तळव्यात.
निगुडकरांची मान समेवर पडते,
कधीकधी आमच्याआधी.

यंदा दोघांच्या मध्ये फुली.
मीच मारलेली.
विलंबित तिलवाडा सुरू झाला,
सोळा मात्रांची ती लांबच लांब वाट,
आणि निगुडकर मनगट मांडीवर उताणं ठेवून बसलेले,
नाडी बघायला वैद्य येणार असल्यासारखे.

एक आवर्तन गेलं. दुसरं गेलं.
तिसऱ्याला खानवलकरांनी काठी उचलली,
आडवी केली,
रबराचं टोक मनगटावर,
मधला भाग फुलीवर टेकलेला.
धा.
मग पुढची मात्रा,
न सांडता.

मी स्वयंसेवक. गळ्यात बिल्ला.
अंतरात काही येऊ नये एवढंच बघायचं काम.
उठले. दोन पावलं गेले.
मग खाली वाकून बराच वेळ
बुटाची नाडी बांधत राहिले.
पायात चपला होत्या.

रात्री हॉल रिकामा झाल्यावर
रॉकेलचा बोळा घेऊन फुल्या सोडवत निघाले.
गोंद चिवट,
नखात पिवळं, साडीला पिवळं,
पुढच्या वर्षी कुणाचं तरी धोतर नक्की अडकणार.
तिसऱ्या रांगेत आठव्या खुर्चीशी आले.
तिथली पट्टी मधोमध घासून पांढरी पडलेली,
चारी टोकं सुटलेली.
त्या एका खुर्चीला
रॉकेल लागलं नाही.