जामीनदार

सातबारा आणा, म्हणाले वकील,
आधार, दोन फोटो, आणि तहसीलचा ऐपतीचा दाखला.
ऐपत म्हणजे हरिपुरात साडेअकरा गुंठे,
त्यातलं निम्मं दर दोन-चार वर्षांनी कृष्णेचं.
चाळीस वर्षं मार्केट यार्डात हळद तोलली,
माझं वजन पहिल्यांदाच कुणी विचारत होतं.

पोरगं बहिणीचं. शिवतेज.
वर्गणीवरून भांडण, हातात कडं,
आणि समोरच्याचा डावा डोळा.
अजामीनपात्र, म्हणाले.
म्हणजे मिळतच नाही असं नव्हे,
मिळालाच पाहिजे असा हक्क नाही, एवढंच.
मागायचा, आणि देणारा बघतो:
पळेल का, साक्षीदार फोडेल का, पुन्हा हात उचलेल का.
खालच्या कोर्टानं नाही म्हटलं.
सेशनला वकील पाऊण तास बोलले.
वय एकोणीस, पहिलाच गुन्हा, कडं जप्त, तपास झालेला,
आता याला आत ठेवून कुणाचा डोळा परत येतो?
हा प्रश्न मला तेव्हा बरोबर वाटला.

आमच्याकडं हळद पेवात ठेवायचे,
पंधरा-वीस फूट खाली, वर माती लिंपून.
पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नसे.
आधी दोरीला बांधून कंदील सोडायचा.
ज्योत विझली तर आत हवा मारकी.
जळत राहिली तरच माणूस.
जामीन मला असाच कळला:
दोरी कोर्टाच्या हातात, कंदील मी.

पंचवीस हजारांचा बाँड.
दर सोमवारी दहा ते बारा ठाण्यात हजेरी.
जिल्ह्याबाहेर जायचं तर विचारून.
फिर्यादीच्या गल्लीत पाय नाही.
साक्षीदाराला धमकी नाही, आमिष नाही.
सही करताना अंगठ्याची पिवळी कड कागदावर उमटली.
हे काय, म्हणाला कारकून.
हळद, म्हटलं. धुऊन जात नाही.

संध्याकाळी किल्ल्यातल्या जेलमधून तो बाहेर आला.
पाया पडला. दोन वडापाव खाल्ले.

शालन कुंभार माझ्याच आडतीत हळकुंडं निवडते.
त्या पोराची आई.
आठ दिवस बोलली नाही. पाटी सरकवायची, मी तोलायचो.
नवव्या दिवशी, मान वर न करता:
"शिवतेजला तुमी हाय.
माज्या प्रज्योतच्या डोळ्याला कोण जामीन?"
काटा थांबेपर्यंत मी काट्याकडंच बघत राहिलो.
एकोणपन्नास किलो आठशे.

चौथ्या सोमवारी हजेरी देऊन तो घरी आला नाही.
बागेतल्या गणपतीच्या रस्त्याला अमीनच्या चहागाड्यापाशी उभा.
अमीन साक्षीदार नंबर दोन.
शिवतेजचा हात त्याच्या खांद्यावर, आणि शिवतेज हसत होता.
अमीन नव्हता हसत.
हसणं धमकीत धरतात का, ते अटींत लिहिलेलं नव्हतं.

वकील म्हणाले, जामीन रद्द करायला राग पुरत नाही,
अट मोडल्याचं दाखवावं लागतं.
हुकूमच चुकला म्हणायचं तर वर, कोल्हापूरला.
मग हळूच: जामीनदाराला अंग काढून घेता येतं.
अर्ज द्यायचा. वॉरंट निघतं, पोराला हजर करतात.
दुसरा कुणी उभा राहिला तर बाहेर, नाहीतर आत.

बहिणीला सांगितलं नाही.

शालनला कोर्ट विजयनगरला गेल्याचं माहीत नव्हतं,
जुन्याच इमारतीपाशी दोन तास बसून आली होती.
उद्या मी जाणार आहे, चला, म्हटलं.
कशाला, ते तिनं विचारलं नाही.
रिक्षाचे आपले वीस रुपये तिनं आपणच दिले.

खिडकीपाशी रांग. ती पुढं, मी मागं.
तिचा अर्ज टाईप केलेला, वकिलाच्या शिक्क्याचा.
माझा चार घड्यांचा, सही व्हायची होती.
कारकुनानं चष्म्यावरून दोन्हीकडं पाहिलं.
केस नंबर एकच.
"एकत्र आहात का?"
नाही, म्हणाली ती.
मी पेन मागितलं.